अंबादासभाऊंचा परिच्छेद

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रहिवासी समितीचे प्रमुख श्री. चंद्रप्रकाश सावंत, आपला अर्ज घरचं कार्य समजून चालवणारे ॲडव्होकेट प्रीतम राजाध्यक्ष, घरं वाटणाऱ्या कार्यालयातून मुद्दाम वेळ काढून आलेले उपअभियंता साहेब, आणि घाटकोपरची चाळ पाडल्यापासून या संक्रमण शिबिरात एकाच नळावर भांडलेल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो, नमस्कार आणि जयभीम.

मी मालन मेस्त्री, चौथा मजला. निघणाऱ्या कुटुंबांच्या वतीनं चार शब्द बोलायला मला उभं केलंय. पेढे वाटून झालेत. मालाडच्या नव्या घरांच्या किल्ल्या हातात पडल्यात. उद्या सकाळी टेम्पो येणार. थोड्याच दिवसांत परत नेतो म्हणून आपल्याला इथं कांजूरमार्गला आणलं, आणि आपली पोरं इथूनच कॉलेजात गेली. हा दिवस दिसेल असं वाटलं होतं का कोणाला? तेव्हा आनंदच आहे. पण अध्यक्ष महाराज, आनंदाचं भाषण मला जमत नाहीय. सकाळपासून जुळवतेय, जुळत नाही. जे तोंडात येतंय ते बोलू द्या.

घरं मिळाली ती संघमित्रामुळे. हे मघापासून तीन वक्ते बोलले, हारही घातला. ती हार काढून मागं खांबाजवळ जाऊन बसलीय. अंबादासभाऊ हिवराळ्यांची ही मुलगी, माझ्या भिंतीपलीकडची. एका ऑफिसात टायपिंगचं काम करते. वकीलसाहेब म्हणाले, सगळ्यांनी आपापली अडचण सांगा, घरांसाठी एकत्र अर्ज करू. तेव्हा ही पोरगी लॅपटॉप घेऊन घरोघर फिरली. प्रत्येक घराचा एक परिच्छेद. कोणाच्या छातीत डम्पिंगच्या कचऱ्याचा धूर बसलेला, कोणाच्या सुनेला जिन्यातच कळा आलेल्या. सगळे परिच्छेद तिनं एकाखाली एक असे खेटून बसवले, की मध्ये बोटाएवढीही जागा नाही. पानांना मर्यादा होती ना!

तो अर्ज परत आला. कारण काय? ओळींत अंतर नाही, परिच्छेदांत मोकळी जागा नाही, अक्षर बारीक. नियमाप्रमाणे करून आणा. आणि पानं मात्र तेवढीच. कळलं तेव्हा मुदतीचा शेवटचा दिवस उजाडलेला. संध्याकाळी खिडकी बंद.

दुपारी याच बालवाडीत आपण सगळे जमलो. मी तिच्या शेजारी बसले होते. तिनं नियमाप्रमाणे अंतर दिलं आणि अर्ज दुधासारखा उतू गेला. ओळी फाकल्या, परिच्छेद लांब लांब गेले, पानं वाढतच चालली. ती परिच्छेदाखालची जागा कमी करी, आणि पुढचा परिच्छेद आला की पुन्हा तेवढीच जागा.

मी म्हटलं, "ही मोकळी जागा कोण सोडतंय गं?"

"कोणी नाही, मावशी. मशीन सोडतं. डिफॉल्ट आहे ते."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण काहीच बोललो नाही, तर जे आपोआप होतं ते."

मग तिनं ते मुळापासून बदललं. नियमात बसेल तेवढीच जागा, केसभर जास्त नाही. तरी मावेना. मग शब्द कापायला घेतले. आठवतंय ना काय भांडलो आपण? दशरथ ओरडला, "माझ्या आईचा दमा काय दोन ओळींत मावतो?" त्याची समजूत काढता काढता चहा गार झाला. सुंदराबाई म्हणाली, "गे बाय, 'अत्यंत' काढून टाक. पण 'दोनदा' रवांदे." कारण नवऱ्याला दोनदा ॲडमिट केलं होतं आणि ते तिला कोणापुढं तरी म्हणायचं होतं. पोरीनं 'अत्यंत' काढलं, 'दोनदा' ठेवलं. प्रत्येकाचा एकेक शब्द ती विचारून काढत होती. आणि तरीही शेवटी एक परिच्छेद पुढच्या पानावर लोंबकळत राहिला. सगळे घड्याळाकडं बघत होते.

तिनं क्षणभर डोळे मिटले, काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "मावलं."

आपण टाळ्या वाजवल्या. कसं मावलं, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही. रिक्षा आणायला पळालो.

तिनं स्वतःच्या बापाचा परिच्छेद काढला होता. लिफ्ट बंद, जिन्यात दिवा नाही, अंबादासभाऊ अंधारात घसरले, खुबा मोडला, रिक्षा चालवणं सुटलं, ते चाकांच्या खुर्चीत आले. एवढं सगळं गेलं. तिला वाटलं, खाली सही आहे ना, पुरे. वकीलसाहेबांनाही तसंच वाटलं. मान खाली घालू नका साहेब, तुम्हांला दोष देत नाहीय.

यादी लागली, तेव्हा समजलं. ज्यांच्या अडचणीचा तपशील अर्जात आहे, त्यांना आत्ता घर. ज्यांचा नाही, त्यांना पुढच्या टप्प्यात. आणि तपशील नसलेलं घर या इमारतीत एकच. पुढच्या टप्प्याचा तर पायाही खणलेला नाही.

आमच्या दोन खोल्यांत प्लायवूडची भिंत आहे. ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं. भाऊ म्हणत होते, "एवढ्या लोकांत तुला माझाच सापडला?"

"बाबा, दुसऱ्या कोणाचा काढला असता तर त्यांनी मला काय म्हटलं असतं?"

"आणि मी काय म्हणेन, हे नाही आलं मनात?"

मग ती म्हणाली, "तुम्ही माझे आहात ना. तुम्हांला विचारायला लागेल असं वाटलंच नाही."

त्यानंतर ते तिच्याशी बोललेलेच नाहीत. ती ताट ठेवते, ते जेवतात.

मी गेले तिच्याबरोबर कार्यालयात. एकदा नाही, हेलपाटे घातले. अर्जात सुधारणा करता येत नाही म्हणाले. नवा अर्ज दिला, तर तो पुढच्या टप्प्याच्या गठ्ठ्यात जातो. मी पाया पडायची बाकी राहिले. तेव्हा खिडकीतला माणूस मला काय म्हणाला, सांगू? म्हणाला, "मावशी, तुमचं झालंय ना? मग?"

मंडळी, तो 'मग' घेऊन मी घरी आले. त्याचं उत्तर तुम्हांला सुचतंय का?

उद्या आपण गेलो की ही इमारत रिकामी. एका घरासाठी पाण्याचा पंप चालणार का? जिन्यात दिवा लागणार का? आज पोरांनी भाऊंना खुर्चीसकट उचलून खाली आणलं, म्हणून ते इथं पुढच्या रांगेत दिसतायत. परवा त्यांना डॉक्टरकडं न्यायचं झालं, तर एकटी पोर कशी उतरवणार? रात्री काही झालं तर ती कोणाची कडी वाजवणार? माझी वाजवायची ना रे इतके दिवस!

उपअभियंता साहेब, घड्याळ नका बघू. तुम्ही पाहुणे आहात, मला समजतं. पण तुम्ही पुन्हा आमच्या हाती कधी लागणार? हा भाऊंचा अर्ज आहे. या वेळी त्यांनी स्वतः सांगितला आणि मी हातानं लिहून घेतला. तुमच्या नियमात बसत नसेल. अक्षर वाकडं आहे, ओळी एकमेकींवर चढल्यात. पण याच टप्प्यात घ्या. हात जोडते. नाही, पदर पसरते.

आणि ही माझ्या घराची किल्ली. ही मी परत करत नाही हं, तेवढी मोठी मी नाही. समोर आमचे दत्ताराम मेस्त्री डोळे वटारतायत, त्यांचंही वय झालंय. पण साहेब अर्ज हातात घेईपर्यंत किल्ली या टेबलावर राहील. कोणावर जबरदस्ती नाही. दशरथ, तू मान फिरवलीस तरी मी रागावणार नाही. तुझ्या घरात आई आहे.

कोण उठलं? सुंदराबाई, सावकाश गो. पायरी आहे तिथं. ठेव. इथं ठेव.

दोनच झाल्या. बरं. दोन तर दोन.

अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, त्यांची मी ऋणी आहे. मांडव घालणाऱ्यांचे, पेढे आणणाऱ्यांचे, माझं एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्हां सर्वांचे आभार. बायकामाणसानं असं पाहुण्यांना भर सभेत धरू नये. बोलण्यात मर्यादा सुटली असेल तर ती तेवढी पोटात घाला. पण उद्या टेम्पो वळणावर गेल्यावर मागं बघितलं आणि सबंध इमारतीत चौथ्या मजल्यावर एकच खिडकी उघडी दिसली, तर अंबादासभाऊ, त्याबद्दल मात्र आम्हांला कोणालाच माफ करू नका.