चार बोटं रुंदीची धाव

शके अठराशे सहा, माघ वद्य पंचमी, कनवटीला बत्तीस रुपये, आणि कल्याणच्या बंदराजवळ रामा लोहाराच्या भात्यापाशी आम्ही पाच माणसं हजर, मी, माझे थोरले बंधू म्हणजे दादा, रामा, त्याची बायको भागा, आणि आमची ही, म्हणजे माझी बायको, नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, ती सातवा महिना सरत आलेला म्हणून ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. पण आधी आम्ही कोण ते सांगतो, मग तिथे का जमलो ते कळेल.

आमचे वडील जुन्नरकडचे. नाणेघाटातून बैलांच्या पाठीवर माल घालून कल्याणला आणायचे. आगगाडी आली तसा तो धंदा बसला, तेव्हा त्यांनी बैल विकले, दोनच ठेवले, आणि एक दमणी केली, म्हणजे वर छत असलेली उतारूंची हलकी बैलगाडी. स्टेशनावर उतरलेलं माणूस मुरबाडकडे न्यायचं, तिकडचं इकडे आणायचं. वडिलांमागे तेच काम माझ्याकडे आलं. बेताचं मिळायचं, पण कुणाचं मिंधेपण नव्हतं.

आता जे सांगतो ते मी कुणाला फारसं सांगत नाही. त्या पंचमीच्या दोन वर्षं आधी हिला दिवस होते, पाचवा महिना, मुरबाडला तिच्या माहेरी लग्न होतं, तिथून परत येत होतो. हाकायला मीच. वाटेत गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेल्या, त्यात चाक गेलं, समोरून भाताची गाडी आली, तिला वाट द्यायला मी बैल वळवले आणि चाक चाकोरीतून बाहेर निघताना गाडीला जो हिसका बसला तो बसला. घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. काय सांगू तुम्हाला, तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण गाडीत मात्र पुन्हा पाय ठेवला नाही.

आणि आता पुन्हा दिवस राहिलेले. आमच्या घरात दुसरं बाईमाणूस नाही, आई गेलेली, वहिनी गेलेली. हिची आई मुरबाडला, पण तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, ती येणार कशी? म्हणजे हिलाच जायला हवं, आणि आमच्याकडे आठवा लागला की बाईला प्रवास घडवत नाहीत, म्हणजे जायचं ते सातव्यातच. हातात उरले होते आठ-नऊ दिवस. गाडीच्या धावा, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, झिजून कागदासारख्या झालेल्या, आणि खालचा दणका झेलणाऱ्या पोलादी कमानी तर गाडीला कधी नव्हत्याच. ठाण्याला एका साहेबाची मोडकी बग्गी विकायला निघाली होती, तिच्या कमानी मी घेतल्या, सात-सात पट्ट्यांच्या, वजनदार, आणि आगगाडीने कल्याणला आणल्या. दादा म्हणाले, अरे वा, हत्ती बसला तरी वाकायच्या नाहीत. मला तेव्हा तेच कौतुक वाटलं.

चतुर्थीला गाडी रामाकडे नेली. रामा म्हणजे मोठा बोलघेवडा माणूस, स्वतःची तारीफ स्वतः करणार, पण काम असं की ठाण्यापासून लोक गाड्या घेऊन यायचे. त्याने चाकावर हात ठेवला आणि ओरडलाच, हे चाक कुणी भिजवलं? दादा छाती पुढे काढून म्हणाले, मी, दोन दिवस तळ्यात ठेवली होती, लाकूड फुगून कसं घट्ट बसलंय बघ. रामाने कपाळावर हात मारला. अहो दादा, जुनी धाव ढिली झाली तर भिजवतात, नवी चढवायची तर लाकूड कोरडं ठणठणीत लागतं. या फुगलेल्या चाकाच्या मापाने धाव केली तर वाळल्यावर मुरबाडच्या वाटेत निघून पळेल. पंधरा दिवस सावलीत वाळू द्या, मग या.

पंधरा दिवस! दादा खाली बसले. भलं करायला गेले होते बिचारे, दर उन्हाळ्यात सगळे करतात तेच त्यांनी केलं होतं.

तेवढ्यात भागा घण ठेवून पुढे आली. ती नवऱ्याच्या बरोबरीने घण मारायची, दंड पुरुषासारखे. म्हणाली, आपल्या गाडीची कोरडी चाकं काढा, आंसासकट, ह्यांना द्या, नवी धाव त्यांवरच चढवू. रामा म्हणाला, अगं, माझी गाडी? ती म्हणाली, तुमची गाडी कोंबड्यांना बसायला आहे, कोंबड्या जमिनीवर बसतील. मग माझ्याकडे वळून, अण्णा, बसणार कोण? वहिनी ना? मग त्यांना विचारलंत का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, उद्या मी घेऊन येते त्यांना.

अशी ही पंचमीला तिथे आली. धाव निवडायची होती. सगळ्यांच्या असतात तशी अडीच बोटं रुंद, की चार बोटं? दादा म्हणाले, अरुंद घे, हलकी, बैलांना बरी. रामाचंही तेच. मग भागाने हिला विचारलं. ही खाली बघत म्हणाली, मागच्या खेपेला चाक चाकोरीत पडलं, ती चाकोरी अरुंद धावांनी पाडलेली. धाव तिच्याहून रुंद असेल तर आत पडणारच नाही ना? रामाने माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे, आणि म्हणाला, वहिनी, चार बोटंच. बैल बापडे ओढतील.

गोवऱ्यांच्या वर्तुळात धावा लाल झाल्या, सांडशींनी उचलून चाकावर बसवल्या, भागाने घागरीमागून घागर पाणी ओतलं, लाकूड करकरलं आणि धाव आवळली. दुपारी कमानी लावून बंदराच्या दगडी उतारावर गाडी आणली. ही पायरीशी थांबली. दोन वर्षांत चढली नव्हती. भागा आधी चढली आणि वरून हात दिला, तेव्हा चढली. एक फेरी झाली. ही म्हणाली, खालून दणका बसतो. रामा म्हणाला, बग्गीच्या कमानी, चार साहेबांचं वजन मागतात, आणि एक-एक पट्टी काढली. अजून बसतो. आणखी एक काढली. आता? आता बरं आहे. रामाला चेव आला, तिसरीही काढली. ही म्हणाली, आता पाळणा झाला, मळमळतंय, ती परत घाला. दादा हसू लागले, रामाने पट्टी परत घातली. पाच राहिल्या, त्या अजून तशाच आहेत.

अष्टमीला निघालो. नऊ कोस. मी वाटेत दहादा मागे वळून बघितलं, शेवटी ही म्हणाली, पुढे बघा, मी आहे. ती जागा आली तेव्हा मी कासरा आखडून धरला. चाक चाकोरीवरून सरळ गेलं, ही हळूच म्हणाली, गेली का? मी म्हटलं, गेली.

मुलगी झाली. आता आठ वर्षांची आहे. गाडी तयार झाली त्या दिवशी रामाने धावांचे आणि कमानी बसवण्याचे अठरा रुपये घेतले, चाकांचे घेईना, मूल घेऊन या मग बघू म्हणाला. पुढे अकरा घेतले.

गेल्या महिन्यात धावा पुन्हा बदलल्या. रामाला आता नीट दिसत नाही, तो ओट्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगतो, रुंद धाव ही माझी अक्कल, आणि ही पदरात तोंड घालून हसते. मी मात्र ही आणि भागा, या दोघी बायांसारखी माणसं फार पाहिली नाहीत. देव त्यांना धडधाकट ठेवो. काम भागाने आणि तिच्या जावयाने केलं, एकोणीस रुपये झाले. मी मोजून तिच्या हातात ठेवले, त्यातला एक तिने काढून माझ्या मुलीच्या मुठीत दाबला आणि परत घेईना. म्हणजे शेवटी दिले ते अठरा रुपये, भागा लोहारणीला.