विनयची अडवलेली ओळ

जमलेल्या सर्वांना नमस्कार. धाकट्या भावाविषयी भूतकाळात बोलणं मला जड जात आहे. त्याहून जड गेलं ते इथे बसून तुमची भाषणं ऐकणं.

विनय तुमचा आधारस्तंभ होता म्हणे. मी त्याची बहीण आहे आणि संगणकशास्त्र शिकवते. मला हे ऐकवू नका.

तुम्ही मंडळी सर्वांसाठी मुक्त सॉफ्टवेअर लिहिता. त्यातल्या प्रत्येक पॅकेजची, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार भागाची, आवृत्ती काटेकोर नोंदवता. आणि ती पॅकेजेस आणून बसवणारा जो पॅकेज मॅनेजर, त्याचीच आवृत्ती मोकळी सोडता, जी नवी येईल ती. गोल बाजारातला भांडेवालासुद्धा माल तोलताना रोज नवा काटा आणत नाही. तुम्ही आणता.

विनयने तुमच्या प्रत्येक प्रकल्पाला ती आवृत्ती खिळा ठोकावा तशी पक्की करणारी दुरुस्ती पाठवली. एक ओळ. तुमचं उत्तर काय होतं? "देखते हैं, भैया." पुढच्या प्रकल्पाचं? "देखते हैं, भैया." पाठीमागे तुम्ही त्याला 'खिळेवाले काका' म्हणत होता. त्याला ते ठाऊक होतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी मी संतापले, तर मलाच म्हणाला, "काहून चिडून राहिली, ताई? खिळा निसटला की हेच बोंबलतील."

बोंबललात. मॅनेजरची नवी आवृत्ती आली आणि दृष्टिहीन मुलांना पुस्तकं वाचून दाखवणारा तुमचा प्रोग्राम ऐन परीक्षेच्या तोंडावर शाळांच्या संगणकांवर बसेना. विनय तेव्हा रुग्णालयात होता. तुम्ही तिथे फोन केलात. हाताला सलाईन, कानाला फोन, अशा अवस्थेत त्याने तुमच्याकडून मॅनेजरची जुनी आवृत्ती बसवून घेतली. मुलं परीक्षेला बसली. मग त्याने तीच ओळ पुन्हा पाठवली. सोबत लिहिलं, "आता तरी घ्या रे. पुढच्या वेळेस मी नसीन."

त्यावरचं उत्तर मी स्वतः वाचलं आहे. ते तुम्हाला सांगायला नको.

आज सकाळी पुन्हा पाहिलं. ओळ तशीच लटकलेली आहे. त्याच्या फोटोवरचा हार मात्र ताजा आहे.

पंकज, त्या प्रोग्रामचे अधिकार तुमच्याकडे आहेत. तुम्ही पहिल्या रांगेत आहात, फोन तुमच्या हातात आहे. ती दुरुस्ती स्वीकारा. उद्या नाही, आत्ता. मी इथेच उभी आहे.

ती स्वीकारली गेली की आपण सगळे विनयसाठी मौन पाळून उभे राहू. तोवर कृपा करून कोणी डोळे मिटू नयेत.