मी मिठी मारते, झडती घेत नाही

...नाही, मला सांगा, मी काय पोलीस आहे? विमानतळावरचं ते पीं-पीं करणारं यंत्र आहे मी? एकतीस वर्षं झाली मला या चर्चच्या दारात उभी राहून! रविवारी पावणेदहाला मी दार उघडते आणि येईल त्याला कवेत घेते... मग ओळखीचा असो, पाहुणा असो, नाहीतर नुसता बाथरूम कुठे आहे विचारायला आलेला ट्रकवाला असो. एकदा तर विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाला मिठी मारली, तो बिचारा तेव्हापासून दर रविवारी येतो, आता क्वायरमध्ये गातो! आणि हा आमचा पाळक ट्रेंट, एकोणतीस वर्षांचं पोर, दाढी अजून गालावर जागा शोधतेय, मला कोपऱ्यात घेऊन विचारतो, "मिस नेल्डा, एक विचारू? तुम्ही सगळ्यांना भेटता... तर कुणाकुणाच्या कमरेला काय काय लागलं हो तुम्हाला?"

म्हटलं, पाळक, बाळा, मी मिठी मारते, झडती घेत नाही!

आता तुम्हाला म्हणून सांगते, मला माहीत होतं. अकरा. अकरा जण कोटाखाली पिस्तूल घालून प्रार्थनेला येत होते. पण ते मला झडतीतून नाही कळलं, मिठीतून कळलं, आणि मिठीत कळलेलं बाहेर सांगायचं नसतं. कोण हाडकुळा झालाय, कोण सकाळी सकाळी थोडी घेऊन आलाय, कोणाला आत येताना रडू आवरत नाहीये... हे सगळं मला दारातच कळतं. मी कधी सांगितलं? विचारा कुणालाही! फक्त एकदा सांगितलं, आणि त्याचाच तर सगळा गोंधळ झाला.

म्हणजे झालं काय, तिकडे पूर्वेला एका गावच्या चर्चमध्ये तो गोळीबार झाला ना... तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल, मी बोलत नाही त्याबद्दल, माझ्याच्याने बोलवत नाही. तर त्याच्या पुढच्या रविवारी ब्रदर हार्लन आला. उंच माणूस, गुरांचा डॉक्टर होता, आता निवृत्त. मी मारली मिठी, तर उजव्या कमरेला टणक काहीतरी! केवढं, तर एवढं! माझ्या मावशीला अशीच गाठ आली होती, दुखतही नव्हती, आणि सहा महिन्यांत मावशी गेली. त्याची बायको फर्न जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि आता ह्याला गाठ? मी उपासनेत बसले खरी, पण एक शब्द कानात शिरला असेल तर शपथ. आणि बुधवारच्या प्रार्थनेच्या यादीत, जिथे आम्ही आजारी माणसांची नावं लिहितो ना, तिथे मीच माझ्या हाताने लिहिलं, "ब्रदर हार्लन, कमरेतली गाठ. प्रभू, हात लाव."

झालं! अहो, आमच्या गावात यादीत नाव आलं की संध्याकाळपर्यंत दारात जेवण. चिकन आणि भात, वर चीज घालून भाजलेला कॅसरोल. मग ट्यूनाचा कॅसरोल. मग रताळ्याचा, वर पेकनचे दाणे. मॉझेलने तर पीच भरलेला गोड 'पाय' भाजून नेला, आणि मॉझेल ही आमची चिटणीस, ती चर्चचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वापरते, ती असं काही नेते म्हणजे विचार करा! तीन आठवडे अख्खं चर्च गुडघ्यावर, आणि हार्लन? हार्लन गप्प. खातोय आणि गप्प. चौथ्या रविवारी मी दारातच विचारलं, हार्लन, डॉक्टर काय म्हणाले गाठीला? तर हा कानापर्यंत लाल. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच कोट बाजूला केला.

पिस्तूल!

म्हटलं, अरे मेल्या, आम्ही तीन आठवडे पिस्तुलासाठी प्रार्थना केली? बोलला का नाहीस? तर खाली बघत म्हणाला, "नेल्डा, फर्न गेल्यापासून दारात गरम भांडं घेऊन कुणी आलं नव्हतं ग."

आता सांगा, ह्या माणसाला काय बोलायचं? आणखी एकदा मिठी मारली. डाव्या बाजूने.

आणि तिथेच चुकले! कारण मी डाव्या बाजूने मारायला लागले, आणि मग हळूहळू सगळेच तिरके झाले. एकाने पिस्तूल आणलं म्हणून दुसऱ्याने आणलं, दुसऱ्याने आणलं म्हणून तिसऱ्याला भीती वाटली, म्हणून तिसऱ्याने! एक जण येतोय, तो एकच हात पुढे करतोय. दुसरा येतोय, तो खांदाच लावतोय, दार ढकलल्यासारखा. ही काय मिठी? मी आपली हात पसरून उभी, आणि माणसं अशी येतायत जशी मीच कुठेतरी टोचणार आहे! एकतीस वर्षं ज्यांना पोटाशी धरलं ती माणसं मला कोपराने भेटायला लागली हो... मला घरी जाऊन रडू यायचं. डॉयलला म्हणायचे, म्हणजे माझ्या नवऱ्याला, डॉयल, मला कुणी नीट भेटतच नाही रे. तो म्हणायचा, "हं." डॉयलचं तसं आहे. बावन्न वर्षांत त्याने वापरलेले शब्द मोजले तर एका पोस्टकार्डावर मावतील.

आणि मग ती टिल्डी. चार वर्षांची, दोन शेंड्या, हार्लनवर भारी जीव तिचा, तो तिला लेमनच्या गोळ्या देतो ना! तर आली धावत, आणि त्याच्या कमरेला दिली धडक... कपाळावर हे एवढं टेंगूळ! हार्लन बर्फ लावत बसला, त्याच्याच डोळ्यांतून पाणी. त्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हटलं, पुरे! दारावर पाटी लावा. शस्त्र आत आणू नये. मी पाटी मागतेय, नावं देत नाहीये. मी मिठी मारते, झडती घेत नाही!

चार महिने, तुम्हाला सांगते, चार महिने गाव पेटलं. टेक्सासात कायदा कसा, चर्चने पाटी लावली तर बंदी, नाही लावली तर या घेऊन. आणि पाटी काय साधी? अक्षरं इंचभर उंच, इंग्रजीत वेगळी, स्पॅनिशमध्ये वेगळी! मॉझेलने मोजून पाहिलं, आमच्या दारावर "सर्वांचे स्वागत असो" लिहिलंय, ते काढल्याशिवाय पाटी बसतच नाही. मग ते अर्धं ठेवावं का? "सर्वांचे" ठेवून "स्वागत" काढावं का? ह्यावर दोन बैठका! ट्रेंट बिचारा मध्ये उभा राहून म्हणायचा, "दोन्ही बाजूंना प्रेम आहे, दोन्ही बाजूंना प्रेम आहे," आणि दोन्ही बाजू त्याच्याकडे बघायच्या, की आता ह्याच्यावरच एकमत करावं.

एका बैठकीत हार्लन बोलला. मला वाटलं, आता कायदा काढणार, घटना काढणार. तर तो म्हणाला, "मला झोप लागत नाही. घरी कुणी नाही. मला उरलंय ते एवढं, ह्या बाकांवर बसणारी माणसं. कुणी आत आलं आणि मी नुसता बघत राहिलो तर?" खरं सांगू? दार उघडताना मलाही भीती वाटते. अनोळखी गाडी आली की मी दोनदा बघते. तरी हात पसरायचे. म्हणून मी एवढंच म्हटलं, हार्लन, भीती मलाही आहे रे, पण मला तुला नीट धरायचंय.

मग बुधवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर मतदान. आता आमच्याकडे पाळक ठरवत नाही हं, वरचा कुणी साहेबही नाही, आम्ही बाप्टिस्ट, आम्ही गालिच्याचा रंगसुद्धा हात वर करून ठरवतो. त्या गालिच्यावरून अठ्ठ्याऐंशी साली निम्मं चर्च उठून रस्त्यापलीकडे गेलं, अजून पलीकडेच आहे! तर एकूण एकोणचाळीस माणसं. मी आदल्या रात्री नावं मोजली होती. वीस माझ्याकडची, एकोणीस त्यांची. जिंकलेच होते!

मॉझेल पेन्सिल घेऊन उभी राहिली. "बंदूक आणू द्यावी म्हणणाऱ्यांनी आधी हात वर करा." पटापट हात वर. आणि माझ्या शेजारी डॉयलचा हात वर.

ते मला माहीत होतं. तो त्यांच्या बाजूचा, मी पाटीच्या बाजूची, बावन्न वर्षांत हे नवीन नाही. पण त्याने उजवा हात वर केला... आता हे मी तुम्हाला सांगतेय ते कुणालाच माहीत नाही हं. डॉयलचा उजवा हात दोन वर्षांपासून हलतो. थांबत नाही. प्रभुभोजनाचा ट्रे हाच फिरवायचा, ते द्राक्षरसाचे चिमुकले पेले एकमेकांवर किणकिणायला लागले तसं त्याने सोडलं, म्हणाला, "तरुणांना करू दे." कुणाला कळू दिलं नाही. बाकावर हात मांडीखाली दाबून बसतो. चर्चच्या जेवणात सूप घेत नाही. आणि तो हात आता वर, सगळ्यांच्या समोर, आम्ही चौथ्या ओळीत, मागे सगळं चर्च... आणि तो असा हलतोय. मॉझेलने चष्मा सावरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डॉयल, तुझा हात वर आहे, की तू कुणाला बोलावतोयस?"

कुणीतरी हसलं. माना वळल्या. मी डॉयलकडे बघितलं. त्याचा चेहरा... लहान मुलाने काहीतरी सांडल्यावर होतो ना, तसा. पण हात खाली घेईना! आणि मग मी काय विचार केला? काहीच नाही केला. माझा हात आपोआप वर गेला आणि मी त्याचं मनगट धरलं. घट्ट. हलायचा थांबला.

"डॉयल आणि नेल्डा, दोन," मॉझेल म्हणाली आणि पेन्सिल पुढे गेली.

वीस! आणि विरोधात एकोणीस! ट्रेंट माझ्याकडे बघतोय, तोंड उघडं. "मिस नेल्डा... तुम्ही? म्हणजे... परत मोजायचं का?" अख्खं चर्च माझ्याकडे बघतंय. आता काय सांगू? सांगू, की मी मत नाही दिलं, मी नवऱ्याचा थरथरता हात धरला? एका वाक्याचं काम होतं. चार महिन्यांची लढाई त्या एका वाक्यात जिंकता आली असती. डॉयल समोर बघत होता, मान ताठ, श्वास धरून.

म्हटलं, मन बदललं माझं. बाईमाणसाचं बदलतं. लिही, मॉझेल.

बाहेर येऊन आमच्या छोट्या ट्रकमध्ये बसले आणि मग फुटले! म्हटलं, तुला काय गरज होती रे? तू काय बंदूक आणतोस? तर डॉयलने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि काढलं. बारावं पिस्तूल! अहो, मी दर रविवारी आधी उतरते, किल्ली घेऊन पुढे जाते, हा ट्रक लावून मागून येतो... अख्ख्या गावाला दारात मिठी मारली मी, नवऱ्याला कधी मारली? तो काय घरचाच! मी किंचाळलेच, डॉयल, त्या हातात? कुणाचा तरी जीव जाईल!

त्याने ते उघडून माझ्यासमोर धरलं. रिकामं.

"हात हलायला लागला त्याच दिवशी काढल्या गोळ्या," म्हणाला. "दोन वर्षं झाली."

म्हटलं, मग रिकामं लोढणं वागवतोस कशाला?

"तू दारात उभी असतेस ना," तो म्हणाला. "पहिली तूच." किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाला, "बंदी झाली असती तर तुझ्यामागे उभं राहायला मला काय कारण होतं? नुसता म्हातारा म्हणून उभा राहू?"

मी बावन्न वर्षं वाट बघितली हो एवढ्या वाक्यांची! आणि ती आली कधी, तर मी हरल्यावर!

तर आता असं आहे. आमच्या चर्चला पाटी नाही. लोक अजून तिरकेच भेटतात, मी अजून हात पसरून उभी, येईल त्याला सांगते, ये बाबा, मी मिठी मारते, झडती घेत नाही. आणि माझ्या मागे दोन पावलांवर डॉयल, उजवा हात कोटाच्या खिशात. नवीन आलेली माणसं एकमेकांच्या कानात म्हणतात, "त्या म्हाताऱ्याशी जरा जपून हं, त्याचा हात सारखा खिशातच असतो!" हे ऐकलं की डॉयलची छाती अशी फुगते, की बटण तुटेल. मी काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. चार महिने भांडले, जिंकलेलं मतदान स्वतःच्या हाताने घालवलं, आणि मिळालं काय, तर रिकामं पिस्तूल घेऊन पाठीशी उभा राहिलेला नवरा... जाऊ दे झालं. तो मागे उभा असला की आतल्या एसीचा वारा तरी पाठीला लागत नाही.