तेलाच्या दिव्यावरची टिकली

मी मूळचा धावड्याचा. घर शेतकऱ्याचं, पण मला वखरामागं चालायचा लई कंटाळा, म्हणून बसून करायचं काम शोधलं आन जीपचा डायवर झालो. आधी दुसऱ्याची चालवली, मंग जाफराबादला येऊन स्वतःची घेतली, जुनीच, डिझेलची. नऊ सीटच्या गाडीत मी सतरा बसवायचो, अठरावा मी, तोबी निम्मा दाराबाहेर. काय सांगू तुम्हाला, अख्खं आयुष्य एका कुल्ल्यावर काढलं.

तर त्या गाडीत मीटरच्या बाजूला एक लाल दिवा होता, इंजिनातल्या तेलाचा. तो पेटला म्हणजे तेल वर चढून न्हाई राह्यलं, गाडी जाग्यावर बंद करायची. दिवाळीनंतर तो पेटायला लागला. पेटायचा, खड्ड्यात आदळलं की विझायचा, शकूर मिस्त्रीच्या दारात गेलं की बिलकुल गप. तीनदा नेली, तीनदा गप. शकूरभाई म्हणले, तुम्हारा दिवा मेरे कू देख के शरमाता. मंग म्हणले, वायर लूज असंल न्हाई तर पंप गेला असंल, चार दिवस गाडी ठेवा, खोलून बघतो, तोवर रोज तेल तपासा. आता आमच्या स्टँडवर नंबरानं गाड्या भरायच्या, चार दिवस गाडी दिसली न्हाई की नंबर दुसऱ्यानं घेतलाच. म्हणलं, संक्रांत होऊ द्या. संक्रांत झाली, म्हणलं शिमगा होऊ द्या. तेल आठ दिवस तपासलं, नवव्या दिवशी आळस केला.

पुढच्या सीटवर एक गुरुजी बसायचे, रोज विचारायचे, हे काय पेटलंय हो? बाकीचे कान टवकारायचे. एक दिवस तर दोन बाया उतरून मागच्या जीपमधी गेल्या. त्या दिवशी घरी आलो, बायकोच्या पाकिटातली मोठी टिकली घेतली आन दिव्यावर चिटकवली. मलाच माझी अक्कल लई आवडली. गुरुजी म्हणले, आता बराबर दिसतं.

त्यातच माझी पोरगी सुनीता गरवार, पहिलटकरीण. तिला जालन्याला दिलेली. ओटी भरायला गेलो तवा व्याही म्हणले, पाव्हणं, तिला इथंच राहू द्या, दवाखाना दोन गल्ल्यांवर हाये. चांगल्या मनानं बोलले. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पायजे, आन मी दहा माणसात मिशीला पीळ देऊन म्हणलो, माझ्या दारात गाडी उभी असती, दोन गल्ल्या काय घेऊन बसले. सगळे हसले. घेऊन आलो पोरीला.

चैतात एका दुपारी तिला कळा लागल्या. जाफराबादच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हणल्या, बाळ आडवं हाये, इथं काई व्हायचं न्हाई, जल्दी जालन्याला न्या. मागच्या सीटवर सुनीता, तिचं डोकं हिच्या मांडीवर. टेंभुर्णीच्या पुढं इंजिनात टकटक सुरू झालं. मी टिकली काढली, खाली दिवा लालभडक. खड्डे आले, विझंना. ही म्हणली, अहो थांबा, बघा तरी. सुनीता म्हणली, बाबा, थांबू नका. मी म्हणलं, हा दिवा सहा महिने खोटं बोलून राह्यलाय, आजबी खोटंच बोलत असंल. असं म्हणलं आन पाय दाबला. दोन कोस गेलो असंन. कडाड असा आवाज आला आन इंजिन जाम. काई केल्या फिरंना. वर ऊन, मागं पोरगी ओरडती, आन मी बॉनेट उघडून त्या इंजिनाला हात जोडून उभा. इंजिनाला हो!

कडब्याची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टरवाला आला. त्यानं काई विचारलं न्हाई, अर्धा कडबा रस्त्यावर ढकलला, उरलेल्यावर पोरीला निजवलं. ट्रॅक्टर काय पळतो तुम्हाला माहीत हाये. मी बाजूला ट्रॉलीच्या फळीला धरून बसलो आन मागून येणाऱ्या एकूण एक गाडीला हात केला, एकबी थांबली न्हाई. मी बी कितीदा तसाच निघून गेल्तो.

सुनीता वाचली. पोरगा झाल्ता, रडलाच न्हाई.

व्याह्यांनी चहा दिला. तो प्यावा लागला मला.

शकूरभाईनं इंजिन खोललं तर वायरबी लूज होती आन पंपबी गेल्ता. मी विचारलं, मंग आधी जो पेटायचा तो खरा का खोटा? ते म्हणले, अब क्या मालूम. मला बी अजून मालूम न्हाई.

आता सुनीताला दोन लेकरं हायेत. दोन्ही वेळेला ती जालन्यालाच राह्यली, मी न्यायला गेलोच न्हाई, कोणत्या तोंडानं जाणार? सणाला येती, यष्टीनं येती. मी म्हणतो, येतो की न्यायला, गाडी हाये. ती म्हणती, कशाला बाबा तुम्हाला तरास. तेवढंच म्हणती. मी स्टँडवर जाऊन उभा राहतो, थोरल्याला खांद्यावर घेतो, पिशवी हातात, आन चालत घरी येतो. देव त्या लेकरांना माझं उरलेलं आयुष्य देवो.