वरची, खालची अन् मधली

बशी खाली ठेवा, नाहीतर हसताना चहा सांडाल. व्याही वरण-बट्टी खायला निघालेले, अन् आमच्या ओव्हनच्या पडद्यावर बिघाडाचा कोड आला. बट्ट्या कच्च्या! धुळ्याच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणे, "आबा, आत सर्किटच्या दोन प्लेटी राहतात, एक वरची, एक खालची, मधी वायर. प्लेटींचं बोलणं बंद पडेल शे."

आमच्या घरात बी तेच! तीन सुना, त्यातली माडीवरची खालचीशी बोलेना. सुनांना ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम फोनचा स्पीकर लावला. "पुन्हा सांग भाऊ, जोरात!"

"वरची खालचीसंगे बोलत नही! मधलीनंच घोळ करेल शे!"

मधली सून लाटणं घेऊनच आली. "मी काय केलं?"

वरची जिन्यातून ओरडली, "तूच लावालावी केली!"

खालची म्हणे, "माह्याजवळ बी हिनंच केली!"

मेकॅनिक विचारे, "आबा, बोलणं सुरू झालं का?"

म्हटलं, "झालं रे! व्याही दारात उभे, आता बंद कसं करू ते सांग!"