खुर्ची नंबर तीन

नात : एक्केचाळीस जणींनी मेळाव्याचे फॉर्म भरले, आजी, आणि एक्केचाळीस ओळी कोऱ्या! ना नाव, ना फोन.

आजी : माझ्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी, आणि पाटी कोरी? त्यातली एकही गप्प बसणारी नव्हती गं.

नात : त्यांनी नीटच भरलेत. वेबसाइटवरून माहिती निघते, सर्व्हरपर्यंत पोचतेही. पण तो ती आपल्या रकान्यांत बसवतच नाही.

आजी : मग ओरडत का नाही मेला?

नात : तेच तर! नाव सापडलं नाही की रकाना रिकामा सोडतो, आणि वर 'सगळं ठीक' म्हणून कळवतो.

आजी : अगदी तुझे आजोबा! पेपरातून मान वर न काढता, 'हो हो, ऐकलं.'

नात : हसतेस काय? परवा तुमचा मेळावा. हॉल बदललाय, ते कळवायचं कुणाला? पुन्हा भरा म्हणायला तरी नंबर हवेत ना!

आजी : आणि तीन नंबरनं भरलाय की नाही, तेही कळायचं नाही.

नात : तीन नंबर कोण?

आजी : माझ्या शेजारच्या खुर्चीतली. मी चार. नावानं हाक मारायला वेळ कुठे होता? यंत्रं आली, आमचं काम संपलं. फाटकापाशी दोघी पोटभर रडलो आणि निघालो. अख्ख्या गावाचे नंबर जोडून दिले, एकमेकींचा घ्यायचा राहिला.

नात : सकाळपासून डोकं फोडतेय गं. फॉर्म तपासला, रकाने तपासले...

आजी : आणि त्यानं काय ऐकलं, ते?

नात : म्हणजे?

आजी : आम्ही नंबर ऐकला की समोरच्याला परत म्हणून दाखवायचो. मगच प्लग. तू आपली स्वतःचंच बोलणं तपासत बसलीस. त्याच्या कानात काय पडलं ते बघ की.

नात : त्याची नोंदवही असते खरी. आलेलं जेसॉन, म्हणजे माहितीचं पाकीट गं, जसंच्या तसं उतरवतो... थांब, उघडते. अगं बाई!

आजी : काय गं?

नात : पाकिटात पाकीट! मी सगळी माहिती एका जास्तीच्या कंसात गुंडाळून पाठवलीय. हा बाहेरचं पाकीट फोडतो, नाव शोधतो, तर आत आणखी एक पाकीट. की आला हात हलवत परत!

आजी : मग सांग ना त्याला, आतलंही फोड बाबा.

नात : सांगितलं. एका ओळीचं काम! आता नोंदवहीतले जुने फॉर्म त्यालाच पुन्हा वाढते... आली! आजी, नावं आली!

आजी : सगळी?

नात : एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. आणि ही बघ, 'आठवण' या रकान्यात एकीनं काय लिहिलंय : 'चार नंबर अजून पहिली घंटा पुरी व्हायच्या आत हॅलो म्हणते का?'

(आजी चष्मा काढून पदरानं पुसते.)

नात : आजी? लावू फोन?

आजी : आधी नंबर वाच. सावकाश. मी परत म्हणते.