विहिरीचा नियम

—नाही वहिनी, ऑफिसात काही म्हणजे काही झालेलं नाही. साहेब बोलले नाहीत, फाइल हरवली नाही, काही नाही. बसा ना, उभ्या का? भिकननं नांदगावला बदली मागितली हे मलाच परवा कळलं – आणि आमची टेबलं शेजारी-शेजारी, बोला! अर्जात कारण काय, तर 'घरगुती अडचण'. आता घरची माणसं म्हणजे तुम्ही, आणि तुम्हीच मला विचारायला आलात. तुमची शाळेतली नोकरी इथं, पोरी इथल्या शाळेत – कशाला जाईल माणूस नांदगावला? मी काय सांगणार. हो, रविवारचा इथं खेळायला येत नाही, तीन रविवार झाले. खेळावरून? छे! खेळावरून कोणी बदली मागतं का!

खेळ म्हणजे तरी काय – हसू नका हं – माझा साडू बोटीवर असतो, त्यानं गेल्या दिवाळीत एक खोका आणला. आत एक इंग्रजी पुस्तक आणि फासे, तेही वीस-वीस बाजूंचे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. 'मी दार ढकलतो' म्हणालात की दार उघडलं का नाही ते सांगणारा ठरवणार. अडलं की फासा. खोका माझा, म्हणून सांगणारा मी. त्यांचे ते राक्षस आपल्याला काय कळणार, मी आपला हरसूलकडचा घाट धरला, दरोडेखोर घातले. आमच्या चौकडीतला कारभारी वैदू झाला, गोटीराम चोर – शोभतो तसा – आणि भिकन शिलेदार. शेजारी टीव्ही आलाय, पण रविवारचं आम्ही तिकडं फिरकत नव्हतो.

नियम कोणाला येत होते! माझं इंग्रजी म्हणजे 'आपल्या पत्राच्या संदर्भात' एवढंच. कारभारी विचारायचा, घोडा पुरात पोहेल का? मी म्हणायचो, पोहेल, पण शेपटी धरणारा बुडेल. गोटीराम म्हणायचा, पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली काढतो – दहाच्या वर पडलं तर काढलीस! तोंडाला येईल ते. कोणी शंका काढली की पुस्तक उघडायचं, दोन पानं उलटायची आणि गंभीर चेहरा करून म्हणायचं, 'आहे, नियम आहे.' ऑफिसात तरी दुसरं काय करतो आपण? जीआर दाखवला की समोरचा गप्प.

मग? मग काही नाही. ... बरं, सांगतो. तिघं घाट उतरून एका गावात आले. तहानलेले. दोन रविवार तो घाटच चालला होता, आणि भिकननं एकट्यानं खिंड अडवून या दोघांचा जीव वाचवला होता – त्याच्याइतकं जीव ओतून कोणी खेळायचं नाही, खरं सांगतो. कारभारी म्हणाला, विहिरीवर पाणी पितो. म्हटलं, प्यायलास. गोटीराम प्यायला. मग भिकन म्हणाला, मीपण पोहरा सोडतो. आणि मी – मला वाटलं जरा रंगत आणू – विहिरीवर पाटील उभा केला. पाटलाच्या आवाजात म्हणालो ... म्हणालो, पोहऱ्याला हात लावू नको. खाली बस. ओंजळ धर.

तसं नाही वहिनी, माझ्या मनात तसं काही – पाटील बोलला, मी कुठं! पण मग बाकीच्या दोघांना का नाही बोलला? हे कारभारीनंच विचारलं, तिथल्या तिथं. तेव्हाही सावरता आलं असतं. चुकलो बाबा, पी – एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं? पुस्तक उघडलं. 'पान बेचाळीस, नियम आहे.' भिकननं हातातला फासा खाली ठेवला. मग म्हणाला, 'असेल.' म्हणाला, 'माझा शिलेदार तहानलेलाच पुढं जातो.' उठला, स्वतःची कपबशी मोरीत नेली, विसळली, पालथी घातली – इतक्या वर्षांत या घरात त्यानं कधी कपबशी विसळली नव्हती, वहिनी – आणि गेला.

आणि त्याला माहीत होतं हो! ते पुस्तक उन्हाळ्यात महिनाभर तुमच्याच घरी होतं, बघितलं असेल तुम्ही. मला कळेना म्हणून मीच दिलं. त्यानं ओळन् ओळ वाचली, मला मराठीतनं समजावली, आणि चौघांत माझ्याकडं बोट करून काय सांगितलं? 'लहानूनं वाचलंय सगळं.' पान बेचाळीसवर दोरखंड आणि मशाली असल्या सामानाची यादी आहे. दोनदा माझी लाज राखली त्यानं. मला लाज वाटते वहिनी, त्याच्या टेबलाकडं बघायची लाज वाटते.

गोटीराम म्हणाला, काय हुबेहूब पाटील काढलास! निघणारच. मखमलाबादला आमचा मळा. भाजी खुडायला बाया यायच्या, तुमच्यातल्या – म्हणजे – यायच्या बाया. बाप विहिरीवर उभा राहून हेच म्हणायचा, याच शब्दांत. पोहरा माझ्या हातात असायचा. वरून मी ओतायचो. दरोडेखोराचा आवाज काढायला मला आठवडाभर विचार करावा लागला होता. हा आपोआप आला.

काय म्हणता? आत्ता? तुमच्याबरोबर घरी? ... अर्ज उद्या साहेबांपुढं जातोय, माहीत आहे मला. माफी मागणारच आहे हो मी, उद्या ऑफिसात – नाही, ऑफिसात लोक असतात. त्या दोघांनाही बोलावू? त्यांच्यासमोर सांगू, पुस्तकात नव्हतं म्हणून? आणि त्यांनी विचारलं, मग कुठनं आणलंस, तर? ... बघू नका असं. बरं. तुम्ही व्हा पुढं, मी सदरा बदलतो नि आलोच. नाही, थांबू नका, दारात बाईमाणूस उभं बघून लोक काय म्हणतील. येतो म्हटलं ना. खरंच येतो. जाताना दार तेवढं ओढून घ्या.